मेहकसाठी दोन चिठ्ठ्या

शाळेनं शनिवारी प्रवेशाची यादी लावतो म्हणलं, लावली न्हाय. सोमवारी म्हणलं, तवाबी न्हाय. बुधवारी आम्ही सगळे आईबाप परत शाळेच्या फाटकाबाहेर चिंचेखाली उभे, आणि आत शिपाई गुंडूमामा निवांत कुंड्यांना पाणी घालतोय. माझं डोकंच फिरलं. म्हणलं, "ओ मामा, झाडं जगवताय, पण हितं माणसं मरायला लागल्यात की!"

"सेक्रेटरी साहेबांची सही ऱ्हायल्या," मामा म्हणला आणि पुढच्या कुंडीकडं गेला. तीन खेपा झाल्या, हेच ऐकतोय.

मी आरिफ शिकलगार. कसबा बावड्यात माझं कुशनचं दुकान हाय. मोटारसायकल म्हणू नका, जीप म्हणू नका, गाडीची सीट फाटली की माणूस माझ्याकडंच येतोय. माझी पोरगी मेहक महापालिकेच्या शाळेत सातवी पास झाली. त्या शाळेत पुढचे वर्ग न्हाईत. आठवीला कुठंतरी घालायचीच होती, आणि पोरीनं एकच नाव धरलं, लाल बंगला. शाळेचं खरं नाव हातभर लांब हाय, पण जुन्या लाल बंगल्यात भरती म्हणून अख्खं गाव तसंच म्हणतंय. शाळा खाजगी. मेहक तिथं एकदा विज्ञान प्रदर्शनाला गेलती, आणि कुणा मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकातनं कांद्याचा पापुद्रा दाखवला. झालं! घरी आल्याआल्या, "अब्बा, कांद्याच्या आत खोल्या असत्यात, विटा रचल्यागत!" तवापासनं आमच्यात कांदा चिरायला घेतला की पहिला पापुद्रा हिचा. उजेडाकडं धरून एक डोळा मिटून बघत बसती. दिसतंय काय? डोंबल! पण बघती.

लाल बंगल्यात आठवीच्या जागा चाळीस आणि अर्ज सहाशेच्या वर. त्यातल्या तीस जागा चाचणीच्या मार्कावर, दहा संस्थेच्या. संस्थेच्या म्हंजे कुणाच्या, हे कुठं लिवलेलं न्हाय, पण चिंचेखालच्या सगळ्यांस्नी ठाऊक. पाच हंबीरराव आबांच्या, पाच उदयसिंह दादांच्या. निम्मे संचालक ह्यांचे, निम्मे त्यांचे.

आता हे आबा आणि दादा कोण, ते सांगायला पायजे. आमच्याकडं गटाशिवाय पान हलत न्हाय. दूध संस्था, सोसायटी, तालीम, गणपतीची वर्गणी, सगळीकडं एक तर तू आबांचा, न्हायतर दादांचा. लग्नाच्या पंगतीतबी माणूस आधी बघतोय कोण कुठल्या रांगेत बसलंय, मग पाट धरतोय. ह्यात फक्त मी एकटा दोघांचा. आबांची पांढरी गाडी माझ्याकडं, दादांची काळीबी माझ्याकडं. एकाची सीट काढलेली असली आणि दुसऱ्याची गाडी आली, तर मी पहिली सीट मागच्या खोलीत टाकून वर पोतं झाकतो. वीस वर्षं असाच धंदा केलाय. कुणाला न्हाय म्हणायचं न्हाय, दोघांस्नी चहा पाजायचा, आणि दोघांस्नी वाटू द्यायचं की आरिफ आपलाच हाय. मला त्याचा गर्वच होता म्हणा की.

चाचणी झाली त्या दिवशी मेहक बाहेर आली, मी इचारलं, "कसा गेला पेपर?"

"चांगला."

"चांगला म्हंजे किती?"

"चांगला म्हंजे चांगला, अब्बा." आणि उसाचा रस प्यायला चला म्हणली.

तिच्या जिवाला काही घोर न्हवता. घोर सगळा मला. शनिवारपर्यंत मी कशीबशी कळ काढली. शनिवारी यादी लागली न्हाय तशी माझी झोपच उडाली. म्हणलं, आत काहीतरी शिजतंय. यादी का थांबवत्यात? नावं फिरवायला! मोठमोठ्यांची पोरं आत घालायची असतील, आणि त्यापायी काढणार कुणाला? आधी शिकलगाराच्या पोरीलाच काढणार की.

अफसाना, माझी बायको, भाकऱ्या थापत होती. तिला म्हणलं, "आबांकडं जाऊन येतो."

"कशापायी?"

"चिठ्ठी आणतो."

"पोरीनं पेपर लिवलाय न्हवं? मग गप बसा की जरा घरात."

"तुला काय कळतंय? आपल्यासारख्यांच्या पोरीला तिथं सरळ कोण घेतंय?"

"घेतील, न्हायतर न्हाय घेणार. पण तिचं तिला होऊ द्या." तिनं भाकरी अशी आपटली तव्यावर की मला कळलं, आता बोलण्यात राम न्हाय. गाडीला किक मारली आणि गेलो.

आबा दूध संस्थेत बसलेतं. लेटरहेड काढलं, दोन ओळी लिवल्या, सही ठोकली. "आरिफ, आपल्या माणसाचं काम व्हणार न्हाय तर कुणाचं?" माझी छाती फुगली. तसाच लाल बंगल्यावर गेलो आणि चिठ्ठी गुंडूमामाच्या हातात दिली. मामानं वाचली, माझ्याकडं बघितलं. म्हणला, "द्यायचीच हाय का?"

म्हणलं, "म्हंजे काय? फाईलला लावा!"

आता वाटतंय, त्यो माणूस मला इचारत न्हवता, सांगत होता. पण माझ्या कानात वारं शिरलंतं.

सोमवारी यादी परत न्हाय. चिंचेखाली एक जण छातीठोक सांगत होता, यंदा आत आबांचं काही चालंना, दादांचाच शब्द चालतोय. आबांची चिठ्ठी लावून मी पोरीचं वाटोळं केलं की काय! तसाच दादांच्या घरी. दादा गाडी पुसून घेत होते, मीच शिवलेली चॉकलेटी सीट आत झळकत होती.

दादांनी एकच इचारलं. "आबाकडं गेलातास?"

"छ्या! काय दादा, मी आणि आबांकडं?"

तोंड वर करून खोटं बोललो. वीस वर्षं बोलत आलोय, जीभ अडखळलीबी न्हाय. दादांनी चिठ्ठी दिली. तीबी मामाच्या हातात नेऊन ठेवली. मामानं ह्या वेळी ती न वाचताच फाईलीत सारली.

आणि आता बुधवार. माझ्या शेजारी संयोगिता वहिनी उभ्या. त्यांचा आदर्श आणि आमची मेहक एकाच वर्गातली. वहिनींचं मालक कागलच्या एमआयडीसीत पाळीवर जात्यात, म्हणून फाटकावर रोज ह्याच. हातातल्या रुमालाची त्यांनी पार वाट लावलीती.

"आरिफभाऊ, तुम्ही कुणाला भेटलासा का हो?"

मी सावध. "न्हाय बा. तुम्ही?"

"आमचं मालक म्हणत्यात, कुणाच्या दारात जायाचं न्हाय. मार्क पडलं तर बसंल पोरगं, न्हाय पडलं तर हाय की दुसरी शाळा. पण माझा जीव ऱ्हाईना झालाय."

मी मान हलवली. मनात म्हणलं, बिचारीचं पोरगं गेलं. खरं सांगतो, मला तिची कीव आली. माझ्याकडं दोन चिठ्ठ्या, हिच्याकडं एकबी न्हाय.

यादी लागली शुक्रवारी, सकाळी अकराला. मेहक म्हणली मीबी येणार. वेणी घट्ट घालून, हिरवा ड्रेस घालून आली. फाटक उघडलं तशी सगळी फलकावर तुटून पडली. मी लोकांस्नी कोपरानं सारत पोरीला पुढं घातलं. ती बोट लावून एक एक नाव वाचत गेली. तीस नावं मार्कावरची. संपली. मग संस्थेची दहा. तीबी संपली.

"अब्बा, माझं न्हाय."

"नीट बघ. दहातलं बघ."

"बघितलं."

परत पहिल्यापासनं बोट लावून वाचायला लागली. तिसाव्या नावावर थांबली. "आदर्शचं हाय," म्हणली. तेवढ्यात संयोगिता वहिनी मागनं आल्या आणि एकदम रडायलाच लागल्या. मेहकला कवटाळून म्हणत्यात, "झालं गं बाई झालं, माझ्या पोराचं झालं! तुझं कितवं?" मेहक त्यांच्या मिठीत उभी तशीच, हात खाली सोडून.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीला म्हणलं, थांब हितंच, आणि ऑफिसात घुसलो. काय काय बोललो मला ठाऊक न्हाय. चोर म्हणलं असंल, दलाल म्हणलं असंल. टेबलावर हात आपटला तसा कारकुनाचा पेनस्टँड खाली पडला. गुंडूमामानं माझा दंड धरला आणि मला मागच्या व्हरांड्यात नेलं.

"वरडू नगंस. बस."

"बसतो कशाला? दोन दोन चिठ्ठ्या देऊनबी..."

"त्याच नडल्या तुला," मामा म्हणला. "ऐक. पहिली यादी शनिवारीच तयार झालती. मीच झेरॉक्स काढून आणलीती. फक्त सही ऱ्हायलीती, साहेब परगावी गेलतं म्हणून. तुझी पोरगी सातवी होती त्यात."

"कशात?"

"मार्कात रं! सहाशे पोरांत सातवी."

मी कठड्याला टेकलो.

"मग तू आबांचं पत्र आणलंस. पत्र आलं की फाईल संस्थेच्या गठ्ठ्यात जाती, हितली रीतच हाय ती. संस्थेच्या दहात बसायचं म्हंजे मार्काची जागा मोकळी. खालचं एकेक पोरगं वर सरकलं. तरी काय बिघडलं न्हवतं, आबांच्या पाचात नाव होतं तिचं. मग तू दादांचं पत्र आणलंस." मामानं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "मिटिंगमध्ये आबांची माणसं म्हणली, ही दादांची हाय, त्यांच्यात धरा. दादांची म्हणली, आमच्याशी खोटं बोलला, आधी तिकडंच गेलता, तिकडंच धरा. पाच मिनिटंबी लागली न्हाईत. फाईल टेबलाखाली गेली."

"मग आता मार्कात घ्या की परत! सातवी हाय न्हवं ती?"

"सही झाली, आरिफ. यादी लागली."

मी तिथंच आबांस्नी फोन लावला. म्हणले, "दादाचं पत्र हाय न्हवं तुझ्याकडं? मग त्यालाच इचार." आणि ठेवला. दादांनी उचललाच न्हाय. दोनदा लावला, तीनदा लावला. वीस वर्षं ज्यांच्या गाड्यांची सीटं शिवली, त्या दोघांत मिळून माझ्या पोरीला बसायला एक बाक निघाला न्हाय. आणि बोलणार कुणाला? आबा खोटं बोलले न्हाईत, दादा खोटं बोलले न्हाईत. खोटं बोललो मी एकटा.

वळून बघतोय तर खांबाच्या आड मेहक. थांब म्हणलेली थांबली न्हवती.

"कवापासनं उभी हाईस?"

ती मामाकडं बघत होती. "काका, सातवी? खरंच?"

"खरंच गं पोरी," मामा म्हणला आणि पाण्याचा पाइप उचलून निघून गेला. त्याला तिथं उभं ऱ्हावना.

मेहक क्षणभर हसली. हो, हसली! सहाशेत सातवी म्हणल्यावर कोण हसणार न्हाय? मग ते हसू हळूहळू गेलं, आणि माझ्याकडं वळून म्हणली, "चिठ्ठीत काय लिवलंतं माझं?"

"तुझं न्हवं... माझं लिवलंतं. आरिफ शिकलगार आपला माणूस हाय म्हणून."

"माझे मार्क?"

"न्हाय."

"कांद्याचं?"

"न्हाय गं."

गाडीवर ती रोज माझ्या खांद्याला धरून बसती. आज मागच्या कॅरिअरला धरून बसली. बावड्याच्या वळणावर पेढ्यांचा पुडा घेऊन संयोगिता वहिनी आणि आदर्श रिक्षातनं जाताना दिसले. आदर्शनं हात केला. मेहकनंबी केला.

थोडं पुढं गेल्यावर मागनं आवाज आला. "मी सांगितलंतं की तुम्हास्नी. पेपर चांगला गेलाय म्हणून."

"व्हय गं बाळा. सांगितलंतंस."

"मग?"

मला बोलता येतंय. अख्ख्या बावड्यात माझ्याएवढं तोंड कुणाचं न्हाय. पण तिचं खरं मानलं न्हाय, हे तिच्याच तोंडावर कसं सांगायचं? डोळ्यांत पाणी आलं तशी गाडी बाजूला घेतली, आरसा पुसल्यागत केलं आणि परत चालू केली.

दारात अफसाना वाटच बघत होती. हातात सुरी, कांदा अर्धा सोललेला, पापुद्रा बाजूला काढून ठेवलेला. "काय गं? लागली का यादी?"

मी तोंड उघडायच्या आधीच मेहक चपला काढत म्हणली, "लागली, अम्मी. माझं नाव सातवं होतं. अब्बांनी काढलं."

आणि पाणी प्यायला आत गेली.