फक्कीचं घर

"चपला बाहेर काढायच्या का?" मोकळ्या प्लॉटवर उभ्या मास्तरांनी विचारलं, आणि सगळे हसले. समोर घर नव्हतंच. जमिनीवर पांढऱ्या फक्कीने मारलेल्या नुसत्या रेघा होत्या.

"काढा की. फरशी आत्ताच पुसलीय," नकाशाबाई म्हणाली.

हे नाव तिला गवंड्यांनी ठेवलेलं, आणि ती ते पदवीसारखं मिरवायची. कागदावरचं घर लोकांना कळत नाही, म्हणून ती ते जमिनीवर अख्खं, खऱ्या मापाचं काढायची आणि माणसांना त्यात हिंडायला लावायची. आज सात कुटुंबं आली होती. घरं सात, पण मधोमध मोठं स्वयंपाकघर एकच, सगळ्यांचं. एकानेही नाही म्हटलं, तर ते पुसायचं आणि सात घरांच्या सात चुली मांडायच्या, असं ठरलं होतं. आता तो नकार कोणाकडून यायचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मास्तरांचं आयुष्य वर्गातल्या गोंगाटात गेलं होतं. माणसांना ते पुरते विटले होते.

एकेकाळी नकाशाबाईची ख्याती नेमकी उलटी होती. तिच्या इमारतीत एकाचं दार दुसऱ्याच्या समोर म्हणून येत नसे. शेजाऱ्याचं तोंडसुद्धा दिसणार नाही, अशी हमी. लोक खूश, तीही खूश. मग तिची आई त्यातल्याच एका घरात राहायला आली. एका दुपारी बघते, तर आई लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसलेली.

"इथे काय करतेस गं?"

"कोणी येतंय का बघतेय. घर झक्क आहे हो तुझं. फक्त कोणी दिसत नाही."

झालं! पुढे कित्येक वर्षं नकाशाबाई सामाईक स्वयंपाकघराचा नकाशा घेऊन बिल्डरांचे उंबरे झिजवत राहिली. "बाई, भांडणं विकत कोण घेईल?" हे ऐकून परत येत राहिली. आई गेली, खुर्ची उरली. आज ती खुर्ची फक्कीच्या स्वयंपाकघरात होती, आणि नकाशाबाईची लेक तिच्यात बसून मटार सोलत होती.

"मला एकटं बसायचं असलं तर?" मास्तरांनी उलटतपासणी सुरू केली.

"दार लावा."

"कोणी वाजवलं तर?"

"उघडू नका. आणि हे मागचं दार बघा. कोणाच्याही नजरेस न पडता सटकता येईल." जुनी विद्या अशी कामाला आली होती.

"दोन दारं कशाला? तुम्ही सगळ्यांनी यांना एका दाराने आत घेतलंत तरी खूप," मास्तरांच्या बायकोने टोला हाणला.

मास्तर आपल्या घरात शिरले. हवेतलं दार ओढलं, हवेतली कडी घातली आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले.

"अहो, मटार सोलायला या," बायकोने हाक मारली.

लेक रेघ ओलांडून त्यांना ओढून आणायला निघाली, तसा नकाशाबाईने लेकीचा हात धरला.

"थांब. दार बंद आहे त्यांचं."

मास्तरांनी ते ऐकलं. मग वळले, कडी काढली आणि रेघेतल्या फटीतून, दारातूनच बाहेर आले. स्वयंपाकघराच्या रेघेशी त्यांनी चपला काढल्या, जोडीने नीट लावल्या.

"सरक गं जरा," ते लेकीला म्हणाले आणि मूठभर शेंगा उचलल्या.

थोड्या वेळाने तिथे, उघड्या मातीवर, चपलांची रांग लागली. सगळ्यात शेवटी नकाशाबाईने आपल्या काढल्या.