वाटेतला मुक्काम

शेजारच्या टेबलावरचं कुटुंब उठून गेलं आणि वेटरने त्यांच्या मागे राहिलेल्या बशा गोळा करायला घेतल्या. अख्खी ऑम्लेटं, एकेक घास तोडून टाकलेले पाव, मधोमध चमचा खुपसून सोडलेलं कलिंगड, नावालाही न शिवलेली खीर. ते सगळं त्याने एकाच मोठ्या ताटात खरवडलं. ऑम्लेट खिरीत बुडालं, खिरीवर कुणीतरी चुरगळलेला टिश्यू पेपर. झुंबरबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"आई, तुम्ही काहीच खाल्लं नाहीत," सून डिंपल म्हणाली. "अहो, सगळं रूमच्या भाड्यातच आहे. कितीही घ्या."

"मळमळून राह्यलं मले."

"विमानाने होतं तसं," प्रेम मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

झुंबरबाईंनी कप बाजूला सारला. विमानाने काही झालं नव्हतं. चिखलीच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी उभा जन्म आया म्हणून काढला होता. बाळंतिणींचे कपडे धुतले, पू भरलेल्या पट्ट्या उचलल्या, बेवारस म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढलं, आणि हात धुऊन लगेच डबा उघडून चटणी-भाकर खाल्ली. नव्या नर्स पोरी नाक दाबायच्या तेव्हा त्या हसायच्या. "मानसाचंच तं हाय," म्हणायच्या. शिसारी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. आणि आता, जिथे फरशीत तोंड दिसत होतं, लिफ्टमध्येसुद्धा अत्तराचा वास सोडलेला होता, तिथे बसून त्यांना घास गिळवत नव्हता.

प्रेम कॅनडात होता. दुसरबीडला चुलतभावाच्या लग्नाला तो बायको-मुलीला घेऊन आला आणि जाताना आईला सोबत घेऊन निघाला. डिंपलला नवीन नोकरी लागली होती, चार वर्षांच्या छकुलीला सांभाळायला घरचं माणूस हवं होतं. सहा महिन्यांसाठी जायचं ठरलं. झुंबरबाई हरखून गेल्या होत्या. नवरा गेल्यापासून घरात भांडं वाजलं तर ते त्यांच्याच हातचं असायचं. वाटेत दोन रात्री दुबईत थांबायचं, ही प्रेमची हौस. "आईला जग दाखवतो," असं त्याने लग्नात चारचौघांत सांगितलं होतं.

दुबईचं नाव ऐकून रेणुका डबा घेऊन आली होती. रेणुका दवाखान्यातलीच, झाडू-पोछ्याच्या कामावरची, आयुष्यभराची जोडीदारीण. तिचा मुलगा धम्मरत्न तीन वर्षांपासून दुबईत होता आणि अजून एकदाही घरी आला नव्हता. धाड गावच्या बाजारातून मिरच्या आणून तिने तिखट कुटलं होतं, जवसाची चटणी केली होती, बाजरीच्या खारोड्या तळल्या होत्या. स्टीलच्या डब्यावर तिचं नाव कोरलेलं. दोराने दोनदा बांधलेला तो डबा झुंबरबाईंनी विमानात मांडीवरच घेतला होता.

"धम्मा कवा येनार?" त्यांनी विचारलं.

"मेसेज केलाय," प्रेम म्हणाला. "त्यांना सुट्टी नसते गं. बघू."

शनिवारचा सगळा दिवस दुकानांच्या एका गावाएवढ्या इमारतीत गेला. बाहेर मे महिन्याचं ऊन भाजत होतं आणि आत काचेपलीकडे खोटा बर्फ पाडला होता. भाड्याचे कोट घालून माणसं त्यात लोळत होती. एका कोपऱ्यात पिंजऱ्याएवढ्या जागेत पेंग्विन नावाचे पक्षी उभे होते. छकुली टाळ्या पिटत होती. झुंबरबाईंना त्यातला एक पक्षी दिसला. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, हलत नव्हता. त्यांनी मान फिरवली.

मग डिंपलने सोन्याचा वर्ख लावलेली कॉफी मागवली. फोटो काढले. कप ओठांना लावून एक, डोळे मिटून एक, छकुलीच्या गालाशी कप धरून एक. कॉफी प्यायली नाहीच. "कडू आहे हो," म्हणत तिने कप सरकवला. त्या निळसर काळ्या पाण्यावर सोन्याचा पापुद्रा सुरकुतून तरंगत राहिला, जखमेवर खपली धरावी तसा. झुंबरबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

"धम्माचा फोन आला का रे?"

"नाही आला, आई. किती वेळा विचारशील? तो उचलत नाही तर मी काय करू?"

झुंबरबाईंच्या स्वतःच्या मोबाइलला इथे रेंज नव्हती. लेकरू खोटं कशाला बोलेल?

रविवारी सकाळी प्रेमने सगळ्यांना तळघरातूनच टॅक्सीत बसवलं आणि समुद्र दाखवायला नेलं. समुद्रात माती टाकून बेट केलं होतं, बेटावर पैसेवाल्यांचे बंगले होते. दुपारी तळघरातूनच परत आले. खोलीत सगळं आवरलेलं, पलंगावर टॉवेलांचे दोन हंस करून ठेवलेले. झुंबरबाईंनी बॅगेजवळ ठेवलेला डबा पाहायला हात घातला. डबा नव्हता.

"डबा कुठं गेला?"

डिंपल आरशासमोर कानातलं काढत होती. "अहो आई, त्याचा फार वास यायला लागला होता. सगळ्या खोलीत लसूण-लसूण. छकुलीच्या कपड्यांना पण लागला. तो माणूस काही येत नव्हता, मग सकाळी डस्टबिनमध्ये ठेवला मी."

"टाकला?"

"आणि खरं सांगू का," ती आवाज उतरवून म्हणाली, "कुठल्या घरचं, कसं केलेलं… आपण तरी कशाला बाळगायचं?"

कुठल्या घरचं, म्हणजे काय, ते झुंबरबाईंना बरोबर कळलं. त्या प्रेमकडे पाहत राहिल्या. तो पलंगाच्या कडेवर बसून बुटाची नाडी सोडत होता, आणि ती नाडी काही केल्या सुटत नव्हती.

त्या दार उघडून बाहेर पडल्या. जाड गालिच्याच्या लांब बोळात, चार दारं पलीकडे, सफाईवाल्या बाईची गाडी उभी होती. दोन्ही बाजूंना काळ्या पिशव्या अडकवलेल्या. झुंबरबाईंनी लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि एका पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. ओले टिश्यू, कॉफीचा चोथा, केळीच्या साली, कुणाचे तरी केस. गाडीमागून एक ठेंगणी नेपाळी मुलगी धावत आली. "क्या हुआ, माँजी?"

"डब्बा," झुंबरबाई म्हणाल्या. "मेरा डब्बा."

मुलीने विचारलं नाही की कसला. ती सरळ शेजारी उकिडवी बसली आणि दुसरी पिशवी उपसू लागली. डबा तिलाच सापडला. दोर तसाच होता, झाकण पक्कं होतं. तिने तो आपल्या फडक्याने पुसून दोन्ही हातांनी दिला.

मागे प्रेम येऊन उभा होता. "आई, लोक बघतायत. काय चाललंय तुझं?"

"त्याले फोन लाव."

"आई…"

"लाव म्हन्तो ना!"

प्रेमने इकडेतिकडे पाहिलं. "खालीच आहे तो," तो हळूच म्हणाला. "मागच्या गेटपाशी. सकाळी आला. मी म्हटलं, आई झोपलीये, थांब. आई, समजून घे ना. त्या कपड्यांत त्याला लॉबीत आणायचं कसं? सिक्युरिटी हजार प्रश्न विचारते. आणि डिंपलला हे सगळं…"

झुंबरबाईंनी पुढचं ऐकलं नाही.

हॉटेलच्या पुढून पाहिलं तर कारंजी होती. मागच्या बाजूला सामानाच्या गाड्या लागायच्या, भिंतीतून एसीची गरम हवा भसाभसा बाहेर पडत होती आणि स्वयंपाकघरातल्या नासक्या अन्नाचा भपका येत होता. वरच्या अत्तराखालचा खरा वास हा. त्या भिंतीच्या वीतभर सावलीत धम्मरत्न अंग चोरून बसला होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तो घामाने अंगाला चिकटला होता.

"मावशी!" तो ताडकन उठला आणि पाया पडला. "झोप झाली का? म्या म्हटलं, झोपू द्या मावशीले. परवासानं थकली असंन."

झुंबरबाईंनी त्याचा खांदा धरला. "कवाचा बसला रे उन्हात?"

"आत्ताच आलो."

त्याच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. आत चल म्हणताच तो हसला. "नाई मावशी, आत लय थंडी असते. मले सर्दी होते."

दोघं तिथेच कट्ट्यावर बसले. डबा उघडल्याबरोबर लसणाचा आणि कुटलेल्या मिरचीचा खमंग वास सुटला. तेवढाच एक वास असा की झुंबरबाईंना दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. धम्मरत्नने खारोडीचा तुकडा तोंडात टाकला आणि चावलाच नाही. नुसता धरून ठेवला, डोळे मिटून. त्याचे हात त्यांच्या नजरेला पडले. बोटांची साल निघाली होती, पेरांमध्ये भेगा, भेगांतून लाली.

"हे काय झालं?"

"काचा धुतो ना आमी. उंच उंच बिल्डिंगाच्या. त्या पान्यात औषध असते." त्याने हात मागे घेतला. झुंबरबाईंनी तो ओढून परत मांडीवर घेतला आणि पदराने टिपू लागल्या. "मायले नोको सांगजो, मावशी. तिले सांग, पोरगा धष्टपुष्ट हाय. अन् प्रेमदादा कसा हाय? लहानपनी आमच्याच घरी जेवायचा तो, तुही डबल ड्युटी राह्यली की. मायची चटनी दादाले लय आवडे. त्यालेबी दे थोडी."

झुंबरबाईंनी मान हलवली. वर, अगदी वर, काचेच्या त्या भिंतीत कुठेतरी त्यांचा मुलगा एसीत बसला होता. दोन दिवसांची ती मळमळ कशाची होती, हे आता त्यांना नीट कळलं.

खोलीत परत आल्या तेव्हा डिंपलने तोंड फुगवलेलं होतं. छकुली दुपारची झोपली होती.

"प्रेम, माहं तिकीट फिरव," झुंबरबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "मी फुडं येत नाई. घरी जातो."

आधी त्याला ती थट्टा वाटली. मग तो चिडला. "एका डब्यासाठी? आई, एवढ्याशा गोष्टीसाठी तू नातीला टाकून चाललीस?"

"डब्यासाठी नाई."

"मग कशासाठी? चूक झाली म्हणतो ना. त्याला बोलावतो वर, जेवायला घालतो, मग तर झालं?"

"तू त्याले उन्हात बसवलं अन् मले सांगतलं, तो फोन उचलत नाई. त्याच्या मायनं तुले भरवलं, प्रेम. तुले गोवर आल्ता तवा रातभर मांडीवर घेऊन बसली ती. मी ड्युटीवर होतो." त्यांचा आवाज चढला नाही. "मी लय घान काढली रे आयुष्यात. कदी काई वाटलं नाई. आज मले तुही किळस आली. पोटच्या पोराची. असं मन घेऊन मी तुह्या घरात कशी राहू? तुह्या घरचा घास मले उतरनार नाई."

प्रेमचं तोंड पांढरंफटक पडलं. डिंपल रडायला लागली. "माझी नोकरी सुरू होतेय हो, आई. छकुलीला कोण बघेल?"

हा वार मात्र वर्मी बसला. झुंबरबाई पलंगाजवळ गेल्या. छकुलीच्या गळ्याला घाम आला होता. त्यांनी तो बोटाने टिपला. "तिले घेऊन या चिखलीले," त्या म्हणाल्या. "मी सांभाळीन. तिच्यावर माहा काई राग नाई."

संध्याकाळी प्रेम बाल्कनीत उभा राहून बराच वेळ फोनवर बोलत होता. आत येऊन त्याने एवढंच सांगितलं, "उद्या सकाळचं मिळालं. मुंबईला उतर. तिथून चिखलीची ट्रॅव्हल्स आहे."

विमानतळावर दोन वेगळ्या दिशांना पाट्या होत्या. डिंपल लांबूनच नमस्काराला वाकली. प्रेमने आईची बॅग दाराशी ठेवली आणि पासपोर्ट त्यांच्या हातात दिला. छकुलीला वाटलं, आजीचं विमान दुसरं आहे आणि सगळे तिकडे पोचून भेटणार आहेत. "आजी, तू आधी पोचलीस तर लपून बस हं," ती बापाच्या खांद्यावरून ओरडली. झुंबरबाईंनी हात हलवला. ती दिसेनाशी झाल्यावरही त्यांचा हात काही वेळ तसाच वर राहिला.

मुंबईत विमानाच्या दाराशी गणवेशातली एक मुलगी चाकाची खुर्ची घेऊन उभी होती. हातातल्या कागदावर झुंबरबाईंचं नाव.

"आजी, बसा. तुमच्या मुलाने बुक केलीय. काल रात्री दोनदा फोन करून विचारलं त्यांनी, खुर्ची नक्की येईल ना म्हणून."

झुंबरबाई थांबल्या. खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. रेक्झिन गार होतं. मागून येणारी माणसं दोन्ही बाजूंनी पुढे निघून जात होती.

"बसा ना, आजी. खूप चालायचंय."

"चालता येते मले, बाई."

पण मुलगी हिरमुसलेली दिसली तेव्हा त्यांनी आपली बॅग उचलून खुर्चीत ठेवली, ती पडू नये म्हणून पट्टा नीट बांधला, आणि त्या लांबलचक बोळातून खुर्चीच्या बरोबरीने चालू लागल्या.