इर्जिकीचं जेवन

पोरांनो, मोबाईल खाली ठेवनार असाल तर सांगते. न्हाई तर माझं तोंड काय फुकटचं न्हाई. दर रविवारी प्रार्थना झाली की तुमचं तेच, मंगलमावशी, साक्ष सांगा, सोनबाकाका येशूचे कवा झाले? आनि मी तारीख सांगावी म्हनून माझ्या तोंडाकडं बघत बसता. तारीख हाय की. भोरला नीरेच्या पान्यात मालकांनी बुडी मारली, बाप्तिस्मा झाला, पास्टरांनी फोटो बी काढला. त्यो बघा भितीवर. पन त्या दिवशी ते येशूचे झाले असं मी म्हननार न्हाई. त्या दिवशी ते नुस्ते भिजले.

हसू नका. मी बायको हाय त्यांची, मला म्हनायचा हक्क हाय.

आता हितं उत्रोलीत लेकीच्या दारात बसून मी भातलावनी बघते. टेम्पोतनं बाया येत्यात, आपापला डबा सोडत्यात, आपापलं खात्यात, सांजच्याला टेम्पो आला की गेल्या. भात तेवढाच पिकतो, त्याला मी नावं ठेवत न्हाई. पन त्यात कोन कुनाचं ऱ्हायलं? आमच्या पासलीला लावनी म्हंजी इर्जिक. आज एकाच्या खाचरात समदा गाव, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी न्हाई, हिशोब न्हाई. ज्याचं शेत त्यानं दुपारचं जेवन घालायचं, आनि जेवल्याबिगर कुनी जायचं न्हाई, एवढाच कायदा. वरनं पावसाची झड, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, गुडघाभर चिखल, आनि मालक भलरी म्हनायचे. भलरी म्हंजी कामाचं गानं. एकानं सूर काढायचा, बाकीच्यांनी झेलायचा. मालकांचा आवाज असा खनखनीत की खालच्या वाडीतल्या बाया म्हनायच्या, सोनबा आलाय व्हय, मग चला गं लवकर. अजून डोळे मिटले की त्यो आवाज कानात येतो. जीव नुस्ता कासावीस होतो.

त्यांचा सूर झेलायला पयला आवाज असायचा भिमाभाऊजींचा. दोघं एका वयाचे, बांधाला बांध लागून शेतं. मालकांची आई ते रांगत व्हते तवाच गेली. भिमाभाऊजींच्या आईनं, ठकुबाईनं, दोघांना एका ताटात भरवून मोठं केलं. मालक तिला ठकुआये म्हनायचे. मी लगीन होऊन आले तवा सासू म्हनून पाया पडले ते तिच्याच.

मग मालकांच्या छातीनं दगा दिला. टीबी झाला. पुन्याच्या दवाखान्यात महिने काढले त्यांनी. मी लेकीला घेऊन पासलीत, गुरं कुनाच्या जिवावर टाकनार? शेजारच्या खाटेवर नगरकडचे एक म्हातारे मास्तर व्हते. सोताच आजारी, पन मालकांना उठवंना तवा त्यांची थुंकीची वाटी हे मास्तर धुवायचे, त्यांचं तोंड पुसायचे. ना जातीचे ना नात्याचे. मालकांनी इचारलं, का करता एवढं? मास्तर म्हनले, माझ्या येशूनं मानसांचे पाय धुतले, मला वाटी धुवायला काय झालं. ते मास्तर तिथंच वारले. मालक बरे होऊन आले ते येशूला उराशी धरून आले. मला राग आला का? आला की. पन ती वाटी कुनी धुतली ते ऐकल्यावर म्या त्यो राग गिळून टाकला.

मग ती नीरेतली बुडी झाली. नव्याचे नऊ दिवस म्हनत्यात, मालकांचे ते नऊ दिवस काय सरंनात. तंबाखू सोडली, बरं झालं. शिव्या सोडल्या, लईच बरं झालं. मग जत्रा सोडली. मग भलरी सोडली, का तर तिच्यात देवांची नावं येतात. पास्टरांनी असलं काय सांगितलं न्हवतं, ते गरीब मानूस. हे समदं मालकांच्या डोक्यातनं निघालेलं. सांजच्याला चुलीम्होरं बसून आज काय सोडलं ते मला सांगायचे. म्या म्हनलं, सोडा सोडा, एक दिवस मला बी सोडाल.

त्या साली भिमाभाऊजींची इर्जिक आली. मालकांनी सकाळपासनं लावनी केली, कुनाच्या मागं ऱ्हायले न्हाईत. दुपारी पत्रावळी मांडल्या. ठकुआयेनं रीतीपरमानं पयला घास बांधावर ठेवला, शेताच्या देवाला निवद दावला, आनि वाढायला घेतलं. इंद्रायनीचा वाफाळता भात, वर कोंबडीचा रस्सा. आनि आमचे मालक पंगतीतनं उठले. बांधाच्या पल्याड जाऊन बसले आनि फडक्यात बांधून आनलेली भाकरी सोडली. ती कवा बांधून घेतली मला बी ठावं न्हवतं. समद्यांचे हात थांबले. इर्जिकीला येऊन जेवायचं न्हाई ह्याचा अर्थ आमच्याकडं शेंबड्या पोराला बी कळतो. तुझं अन्न मला चालत न्हाई, तू माझा न्हाईस.

ठकुआये ताट घेऊन त्यांच्याम्होरं उभी ऱ्हायली.

"सोनबा," ती म्हनली, "माझ्या हातचं बी न्हाई?"

मालक म्हनले, आये, निवदाचं हाय, मला चालत न्हाई. मान काय वर केली न्हाई. म्हातारीनं ते ताट नेऊन बैलांम्होरं ठेवलं. भिमाभाऊजी खाली बघून जेवाय लागले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात आमची इर्जिक. मी पहाटे उठून हंडाभर भात शिजवला, आमटी केली, पत्रावळी धुवून ठेवल्या. कोन आलं न्हाई. दुपार झाली तरी मी येड्यावानी वाटंकडं बघत बसले. भात गुरांना घातला. गावानं वाईट काय केलं न्हाई बरं का, खोटं कशाला बोलू. पानी तोडलं न्हाई, दारात येऊन कुनी भांडलं न्हाई. नुस्तं आमच्या चिखलात कुनी पाय ठेवला न्हाई. आनि लावनी म्हंजी दोघांचं काम न्हवं. रोप वाफ्यातच जून होऊन पिवळं पडाया लागलं. आमी दोघं वाकून वाकून मेलो, आनि मालकांची छाती परत घरघराय लागली.

दुसऱ्या साली बी तेच. दवाखान्यातनं सांगून ठेवलेलं, पान्यात जास्त भिजायचं न्हाई. हे दिवसभर भिजायचे. रातीला त्यांचा खोकला ऐकत मी पडायची. मला भात जाईल ह्याची भीती न्हवती, मानूस जाईल ह्याची व्हती. आनि मालक काय म्हनायचे? येशूसाठी सोसावं लागतं, मंगल. असं म्हनताना तोंडावर एक समाधान असायचं. त्या समाधानानं माझं टाळकं फिरलं. चिखलाचे हात तसेच कमरंवर ठेवले आनि बोलले.

"येशूसाठी न्हाई, हे तुमच्या ताठ्यासाठी चाललंय. तुमीच मला वाचून दावलं, त्या जकातवाल्याच्या दारात गाव थुंकत न्हवता, आनि येशू आपनहून त्याच्या घरी जेवायला गेला. तुमाला ठकुआयेचा भात चालंना व्हय? त्यानं मानसं धरली, तुमी सोडत सुटलाय. मग तुमी चाललाय तरी कुनाच्या मागं?"

मालक वाकून रोपं लावत ऱ्हायले. मला वाटलं आता उठतील आनि भिमाभाऊजींकडं जातील. कशाचं काय. ताठा असा लगेच जातो व्हय? वर्सभर बायबल उघडायचे, त्याच पानावर बसायचे, मिटायचे. ठकुआयेच्या दारावरनं जाताना पाय हळू व्हायचे, पन आत वळायचे न्हाईत.

पुढल्या आषाढात भिमाभाऊजींची इर्जिक लागली. सकाळी मालकांनी कागद डोक्यावर घेतला आनि निघाले. आमची सोताची खाचरं तशीच पडून. म्या इचारलं कुठं, तर म्हनले भिमाकडं. बोलावलंय का? न्हाई. भिमाभाऊजींचा राग मला ठावा व्हता, आनि समद्या गावाम्होरं त्यांनी हाकललं तर ह्या मानसाचं काय व्हनार? मी तशीच मागनं धावले.

हाकललं न्हाई, पन बोललं बी न्हाई कुनी. मालक रांगेच्या टोकाला उतरले. रोपाच्या मुठी समद्यांना फेकत व्हते, ह्यांना कुनी फेकली न्हाई. दुसऱ्यांच्या हातनं गळलेली रोपं गोळा करून हे लावत ऱ्हायले. मी शेजारी उतरले. शरमेनं मला वर बघवंना.

दुपारी पत्रावळी मांडल्या. ठकुआयेनं बांधावर निवद ठेवला. मालक उभे. त्यांना कुनी बसा म्हनलं न्हाई. मग त्यांनी सोताच एक पत्रावळ उचलली, पंगतीच्या शेवटाला बसले आनि ती म्होरं मांडली.

"आये," ते म्हनले, "मला वाढ."

ठकुआयेनं भिमाभाऊजींकडं बघितलं. भाऊजींनी तोंड फिरवलं. म्हातारीचा डाव भाताच्या पातेल्यात तसाच ऱ्हायला. मी मनात म्हनलं, येशू, असशील तर आता हितं ये. तवर मी कवा त्याचं नाव घेतलं न्हवतं. आनि ठकुआये पंगत समदी ओलांडून सरळ ह्यांच्याकडं आली, पयला भात ह्यांना वाढला. निम्मा भात पत्रावळीच्या भाईर सांडला. मालकांनी डोळे मिटले, ओठ हलवले, आनि जेवले. सांडलेला बी उचलून खाल्ला. मग पत्रावळ म्होरं करून म्हनले, आये, अजून वाढ. तशी म्हातारी तिथंच चिखलात बसली आनि पदर तोंडाला लावून रडली.

मागारी येताना म्या इचारलं, आता निवदाचं कसं चाललं? मालक म्हनले, "इतके दिस म्या काय काय सोडलं तेच मोजत बसलो व्हतो, मंगल. मास्तरांनी माझी वाटी धुताना इचारलं न्हवतं, मी कुनाला निवद दावतो म्हनून."

त्या दिवशी माझा नवरा येशूचा झाला. तुमाला तारीख पायजे ना, ती घ्या. पास्टरांनी मला नीरेत उतरवलं ते लई नंतर, पन मी बी त्याची झाले ती त्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी आमच्या खाचरात कोन आलं म्हनता? एकटी ठकुआये. कंबर वाकलेली, डोळ्याला दिसंना, उतरली चिखलात. मग काय, आई चिखलात म्हनल्यावर लेकाला यावंच लागलं. भाऊजी आले ते कुरकुरतच आले, आनि भाऊजींच्या मागनं गाव. मालकांनी भलरी काढली. आवाज पयल्यावानी ऱ्हायला न्हवता, मधीच खोकला यायचा. तिथं भिमाभाऊजी त्यांचा सूर उचलून पुढं न्यायचे. मी हंडाभर भात पुन्यांदा शिजवला, आनि ह्या वेळी गुरांना काय उरलं न्हाई.

मालक गेले ते बी लावनीच्या दिवसांतच. ठकुआये त्याच्या आदीच गेली व्हती. मालकांना पुरायचं, तर पासलीत मोठ्या मानसाला जाळायची रीत, पुरलेलं कुनाला न्हवतं. काही जन कुजबुजाय लागले. भिमाभाऊजी म्हनले, त्याच्याच खाचराच्या कडंला, माझ्या बांधाला लागून, आनि कुदळ घेऊन निघाले. गावानं त्या दिवशी लावनी थांबवली. पाऊस असा की खनंल तसा खड्डा भरायचा. भाऊजी आत उतरून घमेल्यानं पानी काढत ऱ्हायले. तुमची उत्रोलीची मंडळी आली, पास्टरांनी प्रार्थना केली, माती लोटली. मालकांच्या आवडीची ती जागा.

आता रीत अशी की मयताच्या घरचं पानी बी कुनी घेत न्हाई, अंघोळ करून आपापल्या घरी जायचं. लोक निघाले. भिमाभाऊजी हातपाय धुवून माझ्या वसरीवर येऊन बसले. म्हनले, वहिनी, सकाळचा भात असंल तर वाढा. भात व्हता. पहाटे मालकांसाठी शिजवला व्हता, त्यांनी घास बी घेतला न्हवता. म्या म्हनलं, भाऊजी, सुतकाचं घर हाय.

"समद्यांनी सोनबाच्या रानात काम केलं," भाऊजी म्हनले. "ही त्याची इर्जिक. जेवल्याबिगर मी जानार न्हाई. त्यानं माझा निवद इचारला न्हवता, मी त्याचं सुतक इचारत न्हाई. वाढा."

म्या वाढला. गार भात, वर नुस्तं मीठ. भाऊजी जेवाय लागले, डोळ्यातनं धार, तरी जेवत व्हते. निघालेले लोक अंगनात थांबले. मग एक जन वसरीवर चढला, मग दुसरा. घास घासच आला वाट्याला, पन पातेलं रिकामं झालं.

तर पोरांनो, खरा येशूचा मानूस कसा व्हायचा, ते मला काय ठावं न्हाई. मी अडानी बाई. मला वाढा म्हनून ताट पुढं करनारी अशी दोन मानसं म्या बघितली, ती तुमाला सांगितली. त्यातल्या एकाचाच बाप्तिस्मा झालेला व्हता.

चला, आता उठू नका. भात लावलाय. जेवल्याबिगर कुनी जायचं न्हाई.