एकाच कुशीवर तरंगणारा खडा

“मी सांगतोय त्यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही,” तरंगसाहेब म्हणाले, आणि सभागृहातल्या झाडून सगळ्यांचा ताबडतोब बसला.

राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या या विभागप्रमुखांना हे नाव नव्या शोधामुळे पडलं होतं. टेबलावर लाकडी चौकटीत पक्कं बसवलेलं चुंबक होतं आणि त्यावर बटणाएवढा करडा खडा, एक कड टेकवून, बाकी अंग हवेत उचलून उभा होता.

“ना बर्फ, ना गारठा,” साहेब सांगत होते. “साध्या खोलीत हा खडा वीज जराही न अडवता वाहू देतो. म्हणून चुंबक त्याला दूर लोटतं. उद्या गाड्या तरंगतील, परवा घरं. चित्त शुद्ध असेल तर माणूसही.”

शेवटचं वाक्य शोधनिबंधात नव्हतं. टाळ्या मात्र त्यालाच पडल्या.

शेजारी लाकडी चिमटा धरून त्यांची विद्यार्थिनी उभी होती. खडा तिनेच भट्टीत भाजला होता, आणि त्यात काही दम नाही हेही तिनेच साहेबांच्या कानावर घातलं होतं. साहेबांनी तिचा प्रबंध शांतपणे खणात सरकवला होता. “सोहळा पार पडू दे. सहीचं मग बघू.” इतक्या वर्षांची मेहनत त्या खणात अडकली, आणि ती इथे: पुढे टेबल, मागे भिंत, दाराशी मुंगीलाही वाट नाही.

पहिल्या रांगेत तिच्या सासूबाई. अर्धी गल्ली गोळा करून आल्या होत्या.

“आमच्या सूनबाईनं बनवलाय हो,” त्या शेजारच्या काकांना म्हणाल्या. मग सुनेकडे वळून, “काकांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या सोडल्या बरं का. खड्याजवळ बसलं की रक्त आपोआप ताळ्यावर येतं.”

“कोणी सांगितलं?”

“तुमच्या साहेबांनीच. टीव्हीवर.”

तिने काकांकडे पाहिलं.

“साहेब,” सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, “पालथा घातला तरी तरंगतो का हो?”

“कुठल्याही कुशीवर. तुमच्या सूनबाई साक्षीला आहेत.” साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तो खण होता, किल्लीसकट.

तिने चिमट्याने खडा उचलला, उलटा केला, चुंबकावर धरला. टक्. गोचिडासारखा चिकटला.



“खरा असता तर दोन्ही बाजूंनी तरंगला असता,” ती म्हणाली. “हा खडा ज्या पुडीचा भाजलाय, ती दळायच्या यंत्रात पोलादी गोळे असतात. ते झिजतात, त्यांचा चुरा पुडीत मिसळला. चुंबकाशेजारी राहून राहून खडाही चुंबक झाला. एका बाजूने ढकलला जातो, दुसरीने ओढला. चुंबक उलटता येऊ नये म्हणून ते चौकटीत चिकटवलंय. वीज तर हा अंगणातल्या दगडासारखी अडवतो, मी मोजलीय. काका, गोळ्या आजच सुरू करा. आणि यापुढे कुणी काही तरंगवून दाखवलं, मग तो भगव्या कपड्यातला असो की पांढऱ्या कोटातला, तर आधी पालथं घालून दाखवायला सांगा.”

तरंगसाहेब हसले. “आज हवेत दमटपणा फार आहे, त्यामुळे खडा जरा...”

“साहेब,” सासूबाई उठून उभ्या राहिल्या, “हवा तर मघाशीही हीच होती.”