साऱ्या आळीची सुटकेस

मी एक जुनी सुटकेस आहे. एके काळी माझा रंग पिकलेल्या जांभळासारखा होता, आता कडा घासून पांढऱ्या पडल्या आहेत. एक चाक गेलं आहे आणि ओढायच्या पट्ट्याला बुटाची नाडी बांधलेली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंची आत्मवृत्तं तुम्ही शाळेत पुष्कळ लिहिली असतील. त्यांत फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची उसासे टाकते. माझ्याकडून तसलं काही मिळणार नाही. मी रागावलेली आहे, आणि रागातच बोलणार आहे. ऐकायचं तर ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यातून बाहेर पडले, आत गुलाबी साटीनचं अस्तर लागलं, बाहेर तीन आकड्यांचं कुलूप बसलं. पुण्याच्या एका दुकानात मी काचेमागे उभी होते. वडगाव रासाईचे एक शेतकरी, वजीरभाई, तिथं आले आणि त्यांनी मला लेकीच्या लग्नासाठी उचललं. ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. लेकीचं नाव हसीना. शिरूरला सासरी पाठवताना वजीरभाई तिला म्हणाले होते, "कवा बी वाटलं तर ही उचलायची आन् निघायचं. वडगावला आम्ही हाय, दौंडला तुझी आपा हाय. लांब काय हाय त्यात?"

मला वाटलं, चला, आपलं आयुष्य या पोरीबरोबर हिंडण्यात जाणार. किती भोळी होते मी!

हसीनाचा नवरा इम्तियाज शिरूरमध्ये मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा. माणूस वाईट नाही. पण त्याला 'नाही' म्हणता यायचं नाही, आणि तो जे 'हो' म्हणायचा ते नेहमी दुसऱ्याच्या वस्तूबद्दल असायचं. त्या वेळी आळीत तशी सुटकेस कुणाकडेच नव्हती. पहिल्याच वर्षी शेजारचे गेणबा मला मागायला आले. मुलासाठी केडगावला मुलगी बघायला जायचं होतं. मुक्काम नव्हता, कपडे न्यायचे नव्हते. फक्त पाहुण्यांवर छाप पाडायची होती. मी रिकामी वाजू नये म्हणून गेणबांनी माझ्यात एक टॉवेल आणि चार-पाच शेर बाजरी टाकली! साटीनच्या शिवणीत अडकलेले दाणे पुढे कितीतरी महिने निघत होते. लग्न जमलं. त्याचं श्रेय गेणबांनी नव्या फेट्याला दिलं.

तेव्हापासून मी साऱ्या आळीची झाले. कुणी शिर्डीला, कुणी कोल्हापूरला, कुणी साडूच्या वास्तुशांतीला. दोन दिवसांचा प्रवास निघाला की माणूस आमच्या दारात उभा.

मग हळूहळू नुसती सुटकेस मागणं थांबलं आणि "भाभी, भरून पण द्या की" सुरू झालं. कारण हसीनासारखी बॅग भरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. हे मी सांगते, कारण भरली जात होते मी. ती कपड्यांच्या घड्या घालायची नाही, गुंडाळ्या करायची. त्यांना चुण्या पडत नाहीत आणि जागाही कमी लागते. चप्पल प्लॅस्टिकच्या पिशवीत, तळाला, चाकांच्या बाजूला. मोजे बुटांच्या पोटात. इस्त्रीचा शर्ट सगळ्यात शेवटी, कॉलरमध्ये हातरुमालाची गुंडाळी घालून, म्हणजे कॉलर बसत नाही. दोन दिवसांना दोन जोड, त्यातला एक अंगावरच. तेल, लोणचं, पातळ काही म्हणून आत नाही. शेजारी लोक बोचक्यात कसेबसे कोंबलेले कपडे घेऊन यायचे आणि साहेब होऊन निघायचे.

आणि निघताना काय करायचे? "एवढंच" करायचे. हा शब्द ऐकला की अजून माझं डोकं फिरतं. एवढंच एक स्वेटर. एवढीच चिवड्याची पिशवी. एवढाच आत्याबाईंसाठी स्टीलचा डबा. हसीनानं मन लावून बसवलेलं सगळं विस्कटून, वरून "एवढंच" कोंबून, ही मंडळी माझ्यावर चक्क बसायची. धिप्पाड गेणबा तर उडी मारून बसायचे. माझ्या बिजागऱ्या कण्हायच्या. मग मला एसटीच्या टपावर फेकायची, गावी पोचल्यावर ऐटीत ओढायची, आणि परत देताना आत ओला टॉवेल तसाच. फक्त पोस्टातले ज्ञानदेव तेवढे मला पुसून आणून द्यायचे. बाकीच्यांची घाण हसीना काढायची. साबणाचं पाणी करून, बोटाला फडकं गुंडाळून, कोपऱ्याकोपऱ्यातून.

पण मित्रांनो, माझा खरा राग या सगळ्याचा नाही.

माझा राग याचा आहे की साऱ्या आळीला प्रवासाला धाडणारी ही बाई स्वतः कुठं गेलीच नाही. वडगावला आईवडिलांकडे जायची ती ईदला, इम्तियाजच्या स्कूटरवर मागं बसून. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. त्याला कुणी बॅग भरत नाही. दौंडला तिची थोरली बहीण बुशरा राहायची, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. तिच्याकडे दोन दिवस राहायला जायचं, एवढीच हसीनाची हौस. तिनं मला त्यासाठी तीनदा भरलं. पहिल्यांदा सासूबाईंचा गुडघा सुजला. दुसऱ्यांदा धाकटा दीर शोएब परीक्षेला बसला, त्याला डबा कोण देणार? तिसऱ्यांदा नगरचे पाहुणे आले, न कळवता. प्रत्येक वेळी सकाळी तिनं मला उघडलं आणि एकेक गुंडाळी काढून परत कपाटात ठेवली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तिच्या न बोलण्यानं मी आतून पेटायचे.

आणि थट्टा बघा. मी स्वतः दौंडला कितीतरी वेळा गेले! कधी गेणबांचा मुलगा मला घेऊन सोलापूरची गाडी पकडायला जायचा, कधी आणखी कुणी. मी दौंडच्या प्लॅटफॉर्मवर उभी असायचे. बुशराचं क्वार्टर तिथून हाकेच्या अंतरावर. आणि जिची मी, ती शिरूरला भाकऱ्या थापत.

दोन हजार तीनच्या थंडीत दुकानातल्या फोनवर बुशराचा निरोप आला. तिच्या नवऱ्याची बदली भुसावळला झाली होती. पुढच्या महिन्यात एका सोमवारी सामान ट्रकमध्ये चढणार. "त्याच्या आधी दोन दिवस ये. मग कुठं तू आन् कुठं मी," असं तिनं सांगितलं होतं. हसीनानं महिनाभर आधी घरात सगळ्यांना बजावलं. तिची मुलं आजीजवळ राहणार होती. सासूबाई तयार झाल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी तिनं मला पलंगावर घेतलं. दोन ड्रेस, त्यातला एक फिरोजी, शिवून ठेवलेला, कधीच न घातलेला. इथल्याच घोडनदीच्या बाजारातून कधीतरी घेतलेला आणि रुमालात लपवलेला गॉगल. बुशराच्या पोरांसाठी बिस्किटं. मी एवढी हलकी कधीच नव्हते.

भरून झाल्यावर तिनं एक वेगळीच गोष्ट केली. माझ्या कुलपाचा नंबर पहिल्यापासून तीन शून्यं होता. तो साऱ्या आळीला पाठ होता, म्हणजे कुलूप असून नसल्यासारखंच. हसीनानं आतली बारीक कळ सरकवली, आकडे फिरवले आणि झाकण लावलं. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच खरी बंद झाले.

शनिवारी सकाळी शोएब आला. आता तो शिक्रापूरच्या एका कंपनीत लागला होता आणि तिथंच खोली घेऊन राहत होता. हसीना निघायच्या तयारीत होती, तेवढ्यात हा दारातूनच ओरडला, "भाभी, सुटकेस पायजे. कंपनीतली पोरं महाबळेश्वरला चाललीत. लगेच निघायचंय."

"शोएब, मी चाललेय आज."

"कुठं?"

"दौंडला, आपाकडं. महिनाभर सांगतेय."

शोएबनं भावाकडे पाहिलं. आणि इम्तियाज, नेहमीप्रमाणे, दुसऱ्याच्या वस्तूला 'हो' म्हणाला. "दे की त्याला. त्याचा सुपरवायझर असंल बरोबर, मग हा काय गाठोडं घेऊन जाईल व्हय? तू बहिणीकडं चाललीस. तुला कोण बघतंय? पिशवी घे."

तुला कोण बघतंय! मला हात असते ना, मित्रांनो, तर मी काय केलं असतं ते इथं लिहिता येणार नाही.

इम्तियाजनं स्वतःच मला पलंगावर आडवं केलं आणि तीन शून्यं लावून खटका दाबला. मी उघडले नाही. त्यानं पुन्हा दाबला. मग बुक्की मारली.

"अडकलं वाटतं," तो म्हणाला.

"अडकलं न्हाई. नंबर बदललाय मी."

"कवा?"

"काल."

"बरं, किती ठेवलास?"

"न्हाई सांगणार."

शोएब हसला. "भाभी, चेष्टा नका करू. माझी गाडी जाईल."

"माझी बी जाईल."

इम्तियाजनं खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला. दिवसभर मोटारी उघडणारा माणूस, त्याला माझं कुलूप म्हणजे काहीच नव्हतं. "दोन मिनिटांचं काम हाय," म्हणत तो खाली वाकला. तेव्हा हसीना माझ्यावर बसली. आजवर मला बंद करायला कितीजण बसले होते. मी उघडू नये म्हणून बसलेली ही पहिलीच.

"घाला आता," ती म्हणाली. "माझ्यासकट फोडा."

इम्तियाज तसाच वाकलेला राहिला. "रागावलीस व्हय?"

"व्हय."

एवढं बोलून ती थांबेल असं मला वाटलं. पण ती थांबली नाही. "बारा वर्षं सगळ्यांच्या बॅगा भरतेय मी. कोण कुठं जाऊन आलं, ते मला कपड्यावरनं कळतं. महाबळेश्वरची लाल माती मी धुतलीय, बघितली न्हाई. सोमवारी आपाचं सामान ट्रकात चढणार. मंगळवारी मी दौंडला कुणाकडं जाऊ? सांगा तुम्हीच."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. इम्तियाजनं स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला. शोएब चप्पल घालू लागला. हसीना उठली, तिनं माझा पट्टा धरला आणि मला ओढत बाहेर काढलं. स्टँडपर्यंत माझी चाकं दगडांवरून खडखडत होती. दारादारात बायका वाकून बघत होत्या. गेणबांनी ओट्यावरून विचारलं, "भाभी, कुणाची बॅग पोचवायला निघालात?"

"माझीच हाय, मामा," ती म्हणाली आणि थांबली नाही.

न्हावरा, चौफुला, पाटस करत एसटी दौंडला पोचली. मी टपावर नव्हते. हसीनानं मला पायाशी धरलं होतं आणि शेजारच्या बाईनं "वर टाका की" म्हटल्यावर साफ नकार दिला होता. बुशरानं सारं घर आधीच खोक्यांत बांधून ठेवलं होतं. सवयीनं हसीना एका उघड्या खोक्याकडे गेली, तर बुशरा तिच्या हातावर चापट मारून म्हणाली, "बस खाली. आज तुझ्या हाताला काम न्हाई."

त्या दोघी बोलत बसल्या. बांधलेल्या सामानात, खोक्यांवर बसून. दुसऱ्या दिवशी हसीनानं फिरोजी ड्रेस घातला. एक चुणी नव्हती त्यावर. डोळ्यांवर गॉगल चढवला. आणि दोघी बहिणी कुठं गेल्या असतील? दौंडच्या प्लॅटफॉर्मवर, नुसत्या फिरायला! या टोकापासून त्या टोकापर्यंत, गाड्या बघत, चहा घेत. मला घरी ठेवून गेल्या होत्या, त्यामुळे हे सगळं मला त्या परत आल्यावर त्यांच्या हसण्यातून कळलं. बुशरा म्हणत होती, "अगं, सगळे तुझ्याकडं बघत होते." हसीना म्हणाली, "बघू देत की. त्यासाठीच घातला होता."

शोएब मित्राच्या बॅगेत कपडे टाकून महाबळेश्वरला जाऊन आला. आभाळ कोसळलं नाही. इम्तियाज रविवारी स्टँडवर घ्यायला आला होता. माझं चाक वाजतंय म्हणाला, घरी आल्यावर त्यानं त्यात तेल घातलं. तेल घातलं, मान्य आहे. पण दौंड कसं होतं, हे त्यानं विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. म्हणून माझा राग अजून गेलेला नाही.

त्यानंतर कुणी मागायला आलं की हसीना सांगायची, "भरून देते. पण बॅग तुमची आणा." लोक कुरकुरले, नावं ठेवली, मग सवय झाली. बुशराकडे भुसावळलाही आम्ही दोघी एकदा जाऊन आलो.

आता मित्रांनो, शेवटी वस्तूंची निगा राखा, असा उपदेश मी करावा अशी तुमची अपेक्षा असेल. नाही करणार. वस्तू जपणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत. स्वतःच्या बॅगेला प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवणारे, ओरखडा पडला म्हणून हळहळणारेही पाहिले आहेत. तुम्ही सहलीला निघता तेव्हा तुमचीही बॅग कुणीतरी भरत असेल. तुमचे मोजे तिला सापडतात, तुम्हाला सापडत नाहीत. आज घरी गेलात की तिला विचारा, "तुला कुठं जायचंय?" ती हसेल आणि म्हणेल, "कुठं नाही." मग तिथून उठू नका. पुन्हा विचारा.