धुळाच्या डाव्या डोळ्यातली लेन्स

मी धुळाच्या डाव्या डोळ्यातली लेन्स बोलतेय. अहो, वाकून वाकून काय बघताय? दिसले तर माझा उपयोग काय? आपण दिसायचं नाही आणि दुसऱ्याला दाखवायचं, हा आमचा धंदा. पण म्हणून तोंड मिटून बसणाऱ्यांतली मी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

जन्माने मी शर्टाच्या गुंडीएवढी प्लॅस्टिकची चकती. यंत्रावर फिरवून फिरवून मला इतकी झिजवली, की शेवटी आपलं काही उरलंय का, याची मलाच शंका यायला लागली. मग मिरजेच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात माझी रवानगी झाली. माझ्या जन्माआधीच्या भानगडी मला तिथल्या पेटीतल्या ट्रायल लेन्सांनी सांगितल्या. त्या रोज परक्या डोळ्यांत शिरून येतात, त्यांच्याकडे बातम्यांना काय तोटा!

धुळा म्हणजे जतकडच्या माळावरच्या गुंडा धनगराचा तेवीस वर्षांचा मुलगा. बरोबरीची पोरं कुणी फौजेत, कुणी शिरवळच्या कारखान्यात गेली. ह्याचा जीव मात्र मेंढरांत. घरची एकशे तीस मेंढरं, आणि त्यांच्यात मेंढरू ओळखायचं ते तोंडावरून, जशी आपण माणसं ओळखतो. पण दोन वर्षांत धुळाची नजर अशी गेली, की चष्म्याचे नंबर बदलून बदलून दुकानदार दमला. एकदा तर पठ्ठ्या शेजारच्या सुलाबाईचं कोकरू आपलं समजून काखेत मारून घेऊन आला. सुलाबाईचं तोंड म्हणजे तोफखाना. त्या दिवसापासून माळावर कुणाचंही काही हरवलं, की नाव धुळाचं.

गुंडाने शेवटचं सांगून टाकलं, "धनगराला मेंढराचं तोंड वळकंना, तर त्यानं राखायचं काय, बाभळी? दिवाळीच्या पाडव्याला सगळ्यांदेखत मेंढरं वळकून दाव. दावलीस तर औंदा चरायला साताऱ्याकडं कळप तू न्हेणार. न्हाई तर माजी काठी शंभूराजला." शंभूराज हा गुंडाचा पुतण्या.

तपासणीला बाप बरोबर आलाच. डोळे तपासणाऱ्या साक्षी मॅडमनी भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट केलं, आणि धुळा दुसऱ्याच ओळीत अडकला. मागून गुंडा म्हणाला, "आवं मॅडम, अक्षरं वाचून ह्यो काय कलेक्टर व्हनार हाय व्हय? तितं येक मेंढरू हुबं करा."

"मेंढरू जिना चढून येत असेल तर आणा की, बाबा," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी धुळाला यंत्राला हनुवटी टेकायला लावली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "डोळ्याची पुढची काच गोल हवी. ह्याची टोकदार झालीय, दोन्हीकडे. चष्म्याने भागायचं नाही. टोकावर बरोबर बसेल अशी कडक लेन्स लागेल."

गुंडाने पोराकडे बघितलं. "म्हंजी... पोरगं कामचुकार न्हवं?" एवढंच कसंबसं म्हणाला. वर्षभर त्याने पोराला काय काय शिव्या घातल्या होत्या, त्या सगळ्या बहुतेक एकदम आठवल्या असाव्यात.

मग ट्रायल लेन्सांची वरात निघाली. पहिली घसरली, दुसरी रुतून बसली, तिसरी जमली. लेन्स नीट बसली का, ते बघायला मॅडम डोळ्यात पिवळा रंग सोडतात आणि निळ्या उजेडात तपासतात. धुळाचा डोळा हळदीसारखा पिवळा झालेला बघून गुंडाने डोक्यावरची टोपी काढून हातच जोडले. "बगितलंस का धुळ्या? येवड्या शिकल्याल्या बाई, पर भंडारा लावल्याबिगार लेन्स बसवत न्हाईत!" मॅडमचं लक्ष यंत्रात होतं. त्यांनी हे ऐकलं असतं, तर पुढचं रामायण टळलं असतं.

त्या मापावर मी घडले, आणि माझी बहीण उजव्या डोळ्यासाठी. धुळाने पहिल्यांदा आम्हाला घातलं तेव्हा दहा मिनिटं नुसतं पाणी. मग त्याने खिडकीबाहेर बघितलं. समोर तंबोऱ्याचं दुकान होतं. "आबा," तो म्हणाला, "चार तारा हायत त्येला." चार तारांत एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण हे सांगताना त्याच्या डोळ्यांना पुन्हा धार लागली. मी तर नवीच होते, मला वाटलं सगळीच माणसं तारा मोजून रडतात.

पाडव्याला तीन दिवस उरले होते. गुंडाच्या घरी नवी वस्तू आली की तिला भंडारा लागतो, मग तो मोबाइल असो की म्हैस. आणि आता तर त्याने प्रत्यक्ष दवाखान्यात पाहिलं होतं! सकाळी धुळा तोंड धुवायला गेलेला. म्हाताऱ्याने माझ्या डबीचं झाकण उघडलं, देवाचं नाव घेतलं आणि चांगली चिमूटभर हळद माझ्या डोक्यावर ओतली. बहिणीचं झाकण त्याला उघडलंच नाही, म्हणून ती वाचली. त्यावरून ती मला अजून टोमणे मारते.

घाईत धुळाने डबीत बघितलंच नाही, मला तशीच डोळ्यात घातली. मग जी बोंब उठली! मेंढरंसुद्धा चरायची थांबली. फोनवर मॅडमनी त्याला डोळा धुवून लगेच यायला सांगितलं. दवाखान्यात मला घासूनपुसून काढलं आणि दोन दिवस डबीत बसवलं. "मला वाटलं, आत नुसतं पानीच हाय," गुंडा पुन्हा पुन्हा म्हणत होता. पाण्यातली लेन्स कुणाला दिसते? कुणाच्या मनात काही आलं नाही. माझ्याही नाही.

डोळा निवळला, मॅडमनी हो म्हटलं, आणि पाडव्याच्या सकाळी मी पुन्हा जागेवर आले. मेंढरांना ओवाळायला सगळा माळ गोळा झालेला. गुंडा एकेक मेंढरू पुढे ओढायचा, धुळा नाव सांगायचा. "मोरी. काळतोंडी. ही बांडी, आन् ह्ये बांडीचं दुसऱ्या येताचं कोकरू." मी अशी चमकत होते म्हणता! शंभूराजचं तोंड उतरत चाललेलं.

तेवढ्यात गुंडाने एक मेंढी कानाला धरून पुढे आणली. छाती फुगवून म्हणाला, "आन् ही? हिला तर म्या सोता चार म्हैनं हातानं पाला चारलाय. सांग, कोन ही?"

धुळाने मेंढीकडे बघितलं, मग बापाकडे. मला आणि त्याला एकदमच दिसलं होतं. डोळ्याखाली तांबडा डाग, कानाला सुलाबाईच्या कळपाची चीर. आषाढात सुलाबाईची मेंढी हरवली होती आणि तिने गावभर धुळाच्या नावाने शंख केला होता, तीच ही. आणि सुलाबाई ताट घेऊन चार हातांवर उभी! बोल रे, बोल की!

"न्हाई वळकत, आबा," धुळा म्हणाला. "चुकलं माजं."

अरे मूर्खा! मी काय झोपले होते? मला इतका संताप आला, की वाटलं डोळ्यातून उडी मारावी. गुंडाने सुस्कारा सोडला आणि काठी घेऊन शंभूराजकडे वळला. तोवर सुलाबाई ओवाळायला मेंढीजवळ आली आणि ताट जवळजवळ पडलंच.

"आगं बया! ही तर माजी ढवळी! गुंडाभाऊ, कान बगा की वो!"

गुंडा वाकला. मेंढीच्या नाकाला नाक लागेपर्यंत वाकला. मग बोटाने कानाची चीर चाचपली. कुणी हसलं नाही.

"वर्सभर पोराला आंदळा म्हनून वरडलो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आंदळा म्या झालोय." आणि त्याने काठी धुळाच्या हातात दिली.

"ऱ्हाऊ दे, भाऊ," सुलाबाई म्हणाली. तिने ढवळीच्या पाठीवरून हात फिरवला. "खाऊन माजलीया मात्र."

आता आम्ही पुन्हा मिरजेच्या त्याच बाकावर बसलोय. गुंडाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय, आज एकाचं ऑपरेशन. मघाशी त्याने हळूच विचारलं, "धुळ्या, खरं सांग. तुला तवाच दिसलं हुतं न्हवं?"

"व्हय."

"मग चुकलं कशापाई म्हनलास? कळप हातचा जात हुता की रं तुजा!"

"मेंढी दिसली, आबा," धुळा म्हणाला. "आन् तिच्यामागं तुमचं तोंडबी दिसलं."

 म्हाताऱ्याने धुळाचा हात तेवढा धरून ठेवलाय, अजून सोडलेला नाही. आणि इथे आत पाणी इतकं वाढलंय, की मी जागेवरून सरकायला लागलेय. माणसांनो, निरोप घेते, पण एवढं धुळाला कुणीतरी सांगा. रड बाबा, पोटभर रड, पण डोळा चोळू नकोस. मी पडले, तर साताऱ्याची वाट तुला कोण दाखवणार?