हाताची चेष्टा

उजव्या हाताची तर्जनी टेबलापासून जेमतेम दोन मिलिमीटर उचलली गेली, थरथरली आणि खाली आली. घड्याळजींनी मनातल्या मनात मोजलं: दीड सेकंद. काल एक होता. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाला एवढा फरक पुरतो.

अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले होते. वाचा पंधरवड्यात परत आली. घरच्यांच्या मते जरा घाईच केली तिने. हात मात्र रेंगाळला. दुकान तेव्हापासून बंद. लेक दर आठवड्याला विचारायची, "बाबा, मी उघडू का?" उत्तर ठरलेलं: "हात येऊ दे."

लेक सोबत आली होती. दवाखान्याच्या व्यायामाच्या खोलीत आज नवी फिजिओथेरपिस्ट होती. घरची भाषा बंगाली, मराठी वर्षभरात कानांनी शिकलेली.

"छान, काका. घरी पण रोज अशी हाताची चेष्टा करायची. मुलीने पण करायची, तुमच्यासोबत."

घड्याळजींचा पारा चढला. "लुळ्या हाताची चेष्टा? अहो बाई, थट्टेला दुसरं कुणी मिळालं नाही का?"

"थट्टा नाही, काका." ती गोंधळली. "आमच्यात प्रयत्न करण्याला चेष्टा म्हणतात."

लेकीला हसू आवरेना. "आणि संस्कृतात नुसती हालचाल. शाळेत होतं आम्हाला."

"म्हणजे एकच घड्याळ, तीन गावांत तीन वेळा दाखवणारं," घड्याळजी पुटपुटले. "माझ्याकडे आलं असतं तर आल्या पावली परत पाठवलं असतं."

"मग बरोबर वेळ कुठली, काका?"

"ज्या गावात उभे असाल तिथली."

लेक त्यांची आखडलेली बोटं एकेक करून सरळ करू लागली. जोर नाही, घाई नाही. घड्याळजी बघत राहिले. असा हलका हात आपोआप येत नाही.

"ठके, कुणाची घड्याळं उघडतेस?"

तिने पुढचं बोट हातात घेतलं. "शेजाऱ्यांची. गजराची, भिंतीवरची. गेल्या महिन्यात एक मनगटी."

"बंद पाडलंस?"

"चालतंय. दिवसाला चार सेकंद पुढे."

चार सेकंद. ऐन उमेदीतही त्यांना याहून फार चांगलं जमलं नव्हतं.

एकोणीस वर्षांची असताना तिने दुकानात पहिल्यांदा चिमटा धरला होता. केसाएवढी बारीक स्प्रिंग सोडवत होती. "घड्याळाची वेणी घालतेस काय?" ते म्हणाले होते, तेही गिऱ्हाइकासमोर. गिऱ्हाईक खो खो हसलं. तिने चिमटा खाली ठेवला, तो दुकानात पुन्हा उचलला नाही. तिने केली ती बंगाली चेष्टा होती, त्यांनी केली ती मराठी.

"उद्या दुकान उघड," घड्याळजी म्हणाले.

"हो, हात आला की..." ती सवयीने बोलून गेली.

"हाताची वाट बघू नकोस. माझ्या खुर्चीत तू बस. मी समोर बसेन, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर."